पोर शाळेतून का गेलं? शिक्षणातल्या डॉक्टरेटची आपली गोष्ट

शिक्षकांच्या कुठल्याही ग्रुपवर जा, दोन-चार जण तरी सापडतातच: "सध्या पीएचडी चाललीय." विषय विचारला की उत्तर येतं, शैक्षणिक नेतृत्व, शालेय प्रशासन, शिक्षणधोरण वगैरे. पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो असा, की या प्रबंधामुळे नेमकं काय कळणार आहे आणि ते कोणाच्या कामाला येणार आहे?

हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाहीये. नोकरी, घर, परीक्षा, निवडणुकीची ड्युटी सांभाळून रात्री अकरा वाजता प्रकरण तीन लिहीत बसणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण शिक्षणधोरणाचा अभ्यास ही आपल्याकडे बाहेरून आलेली फॅशन नाही. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात घडलाय. तो माहीत असला तर प्रबंधाचा विषय निवडताना हात जरा वेगळ्या दिशेनं जाईल, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात पदवीशिवायच झाली. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, ते आजच्या भाषेत धोरणविश्लेषणच आहे. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेकडून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे, हा त्यांचा मुद्दा. त्याला जोडून मागण्या: बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक प्रशिक्षित हवेत, त्यांना पगार बरा द्या. पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कोण बाहेर राहतो? आजही शिक्षणधोरणाचा अभ्यास या तीन प्रश्नांच्या फार पलीकडे गेलेला नाही.

पुढे 1911 मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. तोपर्यंत वाद एकाच गोष्टीवर होता, सगळ्यांना शिकवायचं की नाही.

1929 मध्ये वादाचं वळण बदललं. सायमन कमिशनच्या जोडीला शिक्षणाचा आढावा घेणारी एक समिती होती. तिचे अध्यक्ष सर फिलिप हार्टोग, ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. या समितीनं एक आकडा मांडला आणि तो पुढची कित्येक वर्षं सगळ्यांच्या डोक्यात बसला. 1922-23 मध्ये पहिलीत असलेल्या दर 100 मुलांमागे 1925-26 मध्ये चौथीत होती फक्त 18.

शंभरातली अठरा! बाकीची ब्याऐंशी गेली कुठे? काही शाळा सोडून गेली, ती 'गळती'. काही त्याच वर्गात अडकून राहिली, ती 'स्थगिती'. हे दोन्ही शब्द आज आपण सहज वापरतो, पण शिक्षणखात्याच्या बोलण्यात ते रुजले ते या अहवालामुळे.

आता गंमत बघा. आकडा खरा, पण त्यातून काढायचा निष्कर्ष कोणता? हार्टोग समितीचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की शाळा फार भराभर वाढल्या, पैसा वाया जातोय, तेव्हा विस्तार आवरा आणि आहे तेच आधी नीट करा. आधी गुणवत्ता, मग संख्या. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! सरकारलाही ते सोयीचं होतं, कारण मंदीचे दिवस होते आणि तिजोरीत खडखडाट होता.

या निष्कर्षाला आकड्यांनीच उत्तर देणारी माणसं आपल्याकडे होती. त्यातलं मोठं नाव रा. वि. परुळेकर. मुंबई महापालिकेच्या शाळांच्या कारभारात आयुष्य घातलेला हा माणूस. शाळा म्हणजे काय, वर्ग कसा भरतो, मास्तर कुठे कमी पडतो, हे त्यांना कागदावरून नाही, रोजच्या कामातून माहीत होतं. त्यांचं म्हणणं होतं की या देशात कोट्यवधी लोक अजून शाळेच्या दारात पोचलेलेच नाहीत. त्यांना बाहेर ठेवून आतल्यांची गुणवत्ता सुधारत बसणं ही चैन आहे. गरज पडली तर वर्ग मोठे करा, पाळ्यांमध्ये शाळा भरवा, पण पोरांना आत घ्या. 1939 चं त्यांचं 'लिटरसी इन इंडिया' हे पुस्तक याच वादातलं.

परुळेकरांशी सगळेच सहमत होतील असं नाही. साठ-सत्तर पोरांच्या वर्गात शिकवलेला माणूस त्यांच्याशी भांडेलच. पण त्यांची पद्धत बघा. समोरच्याचा आकडा घ्यायचा, तो कसा काढला ते तपासायचं आणि मग म्हणायचं की यातून तुम्ही म्हणता ते सिद्ध होत नाही. डॉक्टरेटमध्ये हेच तर शिकवायचं असतं.

पदवीचा भाग आत्ता येतो. मुंबई विद्यापीठानं 1936 मध्ये एम.एड. सुरू केलं आणि 1943 मध्ये शिक्षणशास्त्रातली पीएचडी दिली. देशातली या विषयातली पहिली पीएचडी म्हणून तीच नोंदली जाते. योगायोग असा, की त्याच 1943 मध्ये मुंबईतूनच एक जाडजूड पुस्तक बाहेर पडलं: ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास. लेखक सय्यद नुरुल्ला आणि जे. पी. नाईक. बी.एड., एम.एड. केलेल्या कित्येक पिढ्या या पुस्तकावर परीक्षा पास झाल्यात, लेखक कोण ते न बघता!

तर हे जे. पी. नाईक. जन्म 1907, आजरा तालुक्यातलं बहिरेवाडी. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. सविनय कायदेभंगात तुरुंगात गेले, तिथे आजाऱ्यांची सेवा करता करता वैद्यकी शिकले. सुटल्यावर धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरी गावात राहून ग्रामसुधारणेचं काम केलं. शाळा, आरोग्य, शेती, सगळं एकत्र. पुढे कोल्हापूर संस्थानात प्रशासन सांभाळलं. गारगोटीला व्ही. टी. पाटील यांच्यासोबत मौनी विद्यापीठ उभं केलं. या माणसानं पीएचडीचा प्रबंध कधी लिहिला नाही. पण शिक्षणधोरण हा विषय स्वतंत्र भारतात ज्यांनी घडवला, त्यांत त्यांचं नाव अगदी वर येतं. युनेस्कोनं जगभरातल्या शिक्षणचिंतकांवर लेखमाला काढली, त्यात गांधी आणि टागोर यांच्यासोबत नाईकांवरही लेख आहे. आजऱ्यात किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

1948 मध्ये परुळेकर, नाईक आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था सुरू केली, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन. काम एकच, शिक्षणातलं संशोधन आणि संशोधक तयार करणं. या संस्थेतर्फे 1951 मध्ये परुळेकरांनी संपादित केलेला एक दस्तऐवज आला: 1820 ते 1830 या काळातल्या मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची पाहणी. इंग्रजी अंमल नुकता बसत असताना गावोगावच्या पंतोजींच्या शाळांची जी माहिती कलेक्टरांनी गोळा केली होती, ती दप्तरातून बाहेर काढून छापली. 'पूर्वी सगळं सोन्याचं होतं' आणि 'पूर्वी सगळा अंधार होता' ही दोन्ही वाक्यं ठोकून देणाऱ्यांनी ते एकदा चाळावं.

साताऱ्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. पुण्याच्या गोखले संस्थेतले धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर या दोघांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्या केल्या. 1955 मध्ये त्या पुस्तकरूपानं आल्या. एक अर्थशास्त्रज्ञ, दुसरा संख्याशास्त्रात मुरलेला. दोघांच्याही पदवीवर 'शिक्षणशास्त्र' लिहिलेलं नव्हतं. त्यांनी घेतलेले प्रश्न मात्र थेट होते. पोरं मधेच का जातात? चार इयत्ता शिकून गेलेलं पोर पुढे लिहिणं-वाचणं टिकवतं, की पुन्हा निरक्षर होतं? त्यासाठी सबंध देश नको, एक जिल्हा पुरतो. पण तो नीट बघावा लागतो.

1964 मध्ये केंद्र सरकारनं शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी, सदस्य-सचिव जे. पी. नाईक. आयोग शंभर दिवस देशभर फिरला, नऊ हजारांवर लोकांशी बोलला आणि 1966 मध्ये अहवाल दिला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा, ही जी मागणी आपण आजही दरवर्षी बजेटच्या दिवशी ऐकतो, तिचं मूळ त्या अहवालात आहे. जवळच्या शाळेत सगळ्या थरांतली मुलं एकत्र शिकावीत ही 'समान शाळा' कल्पनाही तिथलीच. अहवालाच्या लिखाणाचा मोठा भार नाईकांनी उचलला होता.

1969 मध्ये सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. साताऱ्याच्या पाहणीतले एक आणि बहिरेवाडीचे एक. ही परिषद आजही पीएचडी करणाऱ्यांना फेलोशिप देते. म्हणजे ज्यानं स्वतः पीएचडी केली नाही, त्यानं दुसऱ्यांच्या पीएचडीची सोय लावून दिली.

यावरून कोणी म्हणेल, बघा, पदवीला काही अर्थ नाही! थांबा. याच गोष्टीची दुसरी बाजू नाईकांच्याच घरात आहे. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक. त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट रीतसर मिळवली. 1953 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पुढचं संशोधन केलं. परत येऊन महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. आणि पुढे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये, दिवसा गुरं राखणाऱ्या, धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी संध्याकाळच्या वर्गांचा प्रयोग उभा केला. पोराला शाळेच्या वेळेत यायला जमत नसेल तर शाळेनं पोराच्या वेळेत जावं, इतकी साधी कल्पना. पण ती राबवायला गावाचा विश्वास लागतो, शिकवणारी गावातलीच माणसं तयार करावी लागतात, आणि काय जमलं, काय नाही, याची नोंद ठेवावी लागते. हे सगळं त्यांनी केलं. नंतर त्या नियोजन आयोगाच्या सदस्यही झाल्या.

पदवी असलेली चित्राताई आणि पदवी नसलेले जेपी, दोघांचा प्रश्न एकच होता: हे पोर शाळेतून का गेलं? 1976 मध्ये दोघांनी आपली संस्था पुण्यात कोथरूडला आणली. तिथे एम.फिल., पीएचडीचे विद्यार्थी घडले. ते प्रबंध लिहीत असताना संस्थेचे कार्यकर्ते खेड्यांत संध्याकाळचे वर्ग चालवत होते. ग्रंथालय आणि गाव यांच्यात अंतर नव्हतं.

नाईकांच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोठारी आयोगाच्या अहवालाचं पुढे काय झालं, यावर त्यांनीच पुस्तक लिहिलं. 1981 मध्ये ते गेले, पुस्तक 1982 मध्ये आलं. ज्या अहवालासाठी आयुष्याची वर्षं घातली, त्यातलं काय अमलात आलं, काय फेटाळलं गेलं, काय नुसतंच पडून राहिलं, याचा हिशोब. आपल्याच कामाचं असं ऑडिट किती धोरणकर्ते करतात?

मग बिनसलं कुठे? माझ्या मते एका ठिकाणी. पदवी ही जागेची अट झाली. आजच्या निकषांप्रमाणे बी.एड. कॉलेजच्या प्राचार्याला पीएचडी लागते. अट चुकीची नाही. पण जागेसाठी पदवी आणि पदवीसाठी विषय, असा प्रवास सुरू झाला की प्रश्न सगळ्यात शेवटी उरतो. मग विषय येतात: 'अमुक तालुक्यातील मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा शिक्षकांच्या कार्यसमाधानाशी असलेल्या सहसंबंधाचा अभ्यास'. शंभर प्रश्नावल्या, एक तक्ता, निष्कर्ष 'सार्थ सहसंबंध आढळतो', शिफारस 'मुख्याध्यापकांना प्रशिक्षण द्यावे'. ग्रंथालयात प्रत जमा. झालं.

हा आजार फक्त आपला नाही. अमेरिकेत शाळा चालवणाऱ्यांसाठी 'एड.डी.' नावाची वेगळी डॉक्टरेट आहे. हार्वर्डनं ती 1920 च्या सुमारास सुरू केली. 2005 मध्ये आर्थर लेव्हीन यांनी, म्हणजे कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजच्या अध्यक्षांनीच, शालेय नेतृत्वातली ही पदवी बंद करा असं अहवालात म्हटलं. ना धड संशोधन, ना धड व्यवहार, अशी तक्रार होती. 2007 पासून तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी एकत्र येऊन ती पदवी नव्यानं घडवायला घेतली. मुख्य बदल हा, की प्रबंध स्वतःच्या कामातल्या खऱ्या अडचणीवर करायचा. आपल्याकडे दिल्लीच्या नीपामध्ये, म्हणजे शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत, 2006 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यानंतर या विषयात पीएचडी सुरू झाली. तिथे 2012 पासून शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्रही आहे. सोयी वाढल्यात, नाही असं नाही.

आता आजच्या प्रश्नावर येतो. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली गेली. राज्यात अशा शाळा सुमारे पंधरा हजार. त्यावर मोर्चे झाले, निवेदनं गेली, खुलासे आले. विषय थंडावतो, पुन्हा वर येतो.

यातला 'समूह' हा शब्द कुठून आला? 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळा संकुलाची कल्पना आहे, आणि ती कोठारी आयोगाची असल्याचं त्या धोरणातच नमूद केलंय. कोठारी आयोगाची कल्पना काय होती? एक माध्यमिक शाळा आणि भोवतालच्या प्राथमिक शाळा एकमेकींना जोडायच्या. प्रयोगशाळा, ग्रंथालय, साहित्य वाटून वापरायचं. शिक्षकांनी एकमेकांना मदत करायची. निर्णयाचे काही अधिकार वरून खाली या गटाकडे द्यायचे. मुख्याध्यापकाचं नेतृत्व म्हणतात ते इथे, प्रत्यक्ष कामात. ती कल्पना शाळा जोडण्याची होती. आज त्याच शब्दाखाली शाळा एकत्र करून लहान शाळेला कुलूप लावण्याची चर्चा होते. जोडणं आणि मिटवणं यात फरक आहे.

दुसरी बाजूही सांगतो. सात पोरांच्या शाळेत अडचणी खऱ्या असतात. बरोबरीची मुलं नाहीत, खेळायला संघ नाही, एक शिक्षक मीटिंगला गेला की शाळा अर्धी. गावातले पालकच पोरांना इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात. तेव्हा नुसतं 'शाळा वाचवा' म्हणूनही भागत नाही. पण 'आधी गुणवत्ता' म्हणत शाळा आवरायच्या, हा युक्तिवाद 1929 मध्येही झाला होता. तेव्हा त्याला उत्तर द्यायला परुळेकर होते. आज कोण आहे?

तुम्ही आहात. म्हणजे ज्यांची "पीएचडी चाललीय" ते. एक तालुका घ्या. ज्या वाडीची शाळा बंद झाली किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली, तिथल्या पोरांचं पुढे काय झालं, एवढंच बघा. किती नव्या शाळेत पोचली? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावर किती दिवस गैरहजर? चौथीनंतर मुली किती उरल्या? गाडीचे पैसे वेळेवर आले का? कारखान्याच्या हंगामात कुटुंब ऊसतोडीला गेलं तेव्हा पोर मागे राहिलं की सोबत गेलं?

माहिती कुठे मिळेल? तुमच्याच शाळेच्या कपाटात. जनरल रजिस्टर, हजेरीपट, शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या स्थळप्रती. पोर कधी आलं, कधी गेलं, तिथे तारखेसह लिहिलेलं असतं. 'का गेलं' हे मात्र त्या रकान्यात धड लिहिलेलं नसतं. त्यासाठी घरी जाऊन विचारावं लागतं. प्रबंधातलं खरं काम तेच आहे.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करायला रीतसर वाट दिली आहे. म्हणजे शाळेत रोज उभं राहणारा माणूस संशोधक होऊ शकतो. परुळेकरांना रोजच्या कामातून जे दिसलं, ते वर बसलेल्यांना दिसत नव्हतं. आज तुम्हाला जे दिसतंय, तेही वरून दिसत नाही.

मार्गदर्शकांनाही एक विनंती. विद्यार्थी असा विषय घेऊन आला तर 'हे अवघड आहे, प्रश्नावलीवर भागव' म्हणू नका. आणि प्रबंध झाला की त्याचं दहा पानांचं मराठी टिपण गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती आणि त्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात पडू द्या. शाळेला कुलूप लावायचा कागद येईल तेव्हा गावाकडे दाखवायला स्वतःचा एक आकडा असेल.

तुमच्या भागात मिसळलेली किंवा बंद झालेली शाळा असेल तर गाव, वर्ष आणि तेव्हाचा पट कमेंटमध्ये लिहा. मुलांची नावं नकोत. कोणाला तरी प्रबंधाचा विषय मिळेल.